दोन बोटं माया

ब्लाउजच्या शिवणीत आतल्या बाजूला
दोन बोटं कापड जास्त सोडतात,
त्याला माया म्हणतात आमच्यात.
वडगावच्या या गल्लीत
बावीस वर्षं मी बायकांची माया उसवत आले.
बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर,
नुसतंच वय झाल्यानंतर.
आकडा कुणाला मोठ्यानं सांगितला नाही.
टेप पाठीमागून फिरवायची,
ओठात टाचणी धरून म्हणायचं,
कापड आटलंय गे तुझं.

माझं आटलं तेव्हा
असं म्हणणारं कुणी नव्हतं.
पायमशीनवर गुडघा कण्हला.
डॉक्टर म्हणाले, बारा किलो.
जणू बस स्टँडवर सामान ठेवतात तिथं
पावती घेऊन ठेवून यायचेत.

लेकीनं बंगळूरहून काचेचा काटा पाठवला.
उभी राहिले की तो आधी विचार करायचा,
मग दरवेळी निराळं बोलायचा.
फरशीच आमची उतरती, त्याचा काय दोष.
सोबत एक कागद, ओट्स, ब्रोकोली,
आणि अशी काही नावं
जी बाजारात उच्चारायला आधी शिकावी लागली असती.
त्या कागदावर मी गळ्याचा पॅटर्न कापला.
गळा छान बसला.

मग रेशन दुकान.
बसलिंगप्पानं तांदळाचं पोतं उतरवलं,
मी चढले,
आणि तो सवयीनं ओरडला,
एंबत्नाल्कु!
मागची रांग गप्प झाली.
चौऱ्याऐंशी म्हणाला असता
तरी तेवढीच गप्प झाली असती.
पुढच्या सोमवारी त्यानं शटर अर्धं ओढून बोलावलं.
तोंडानं काही नाही.
पावतीमागं कानडी आकड्यांत लिहिलं,
घडी घालून दिलं, औषधाच्या पुडीसारखं.
कानडी आकडे मला येतात,
हयात गेली बसच्या पाट्या वाचण्यात.
दर सोमवारी एक पुडी.
बॉबिनच्या डब्यात ठेवते.

पहाटे साडेपाचला कडी वाजते.
शिवलीलक्का, मागच्या गल्लीतली.
नवरा मागावर, हिला साखर.
तिला माझं मराठी अर्धं कळतं,
मला तिचं कानडी पाऊण.
उरलेल्यात आम्ही चालतो,
येळ्ळूर रस्त्यानं, भाताच्या शिवारातनं,
लेकीचे जुने बूट साडीखाली फताडफताड.
ती विजेचे खांब मोजते, मी दम.
मी म्हणते, साकु.
ती म्हणते, आनी येक.
तिच्या भाषेत मी थांबते,
माझ्या भाषेत ती मला ओढते.

एप्रिलात भाचीचं लग्न झालं.
कुंदा होता.
किती द्रोण ते विचारू नका.
पुडी उघडली आणि तशीच मिटली.
दुसऱ्या दिवशी कडी वाजली, मी पडून राहिले.
थांबेल म्हटलं.
वाजतच राहिली,
शेजारचा कुत्रा उठला, त्याचा मालक उठला,
शेवटी लाजेनं मी उठले.
दारात ती, हातात डबा,
मोड आलेल्या हुरळीची उसळ, अजून गरम.
म्हणजे ती माझ्या आधी कितीतरी उठली होती.

आठ महिने. साडेपाच किलो.
डॉक्टरांचं समाधान नाही.
गुडघा मात्र जिना उतरताना
आता आधी शिवी देत नाही.

काल शिवलीलक्का तिचे ब्लाउज घेऊन आली,
सैल पडलेत म्हणाली, लाजून.
टेप पाठीमागून फिरवली.
आकडा बोलले नाही,
खडूनं कापडावर लिहिला, मराठीत.
तिनं वाचला.
पुन्हा वाचला.
दोन्ही बाजूंनी आत घेतलं,
कात्री उचलली आणि विचारलं,
जास्तीचं कापू का?
ब्याड, म्हणाली ती,
आत राहू दे.