शेऱ्याचा रकाना

ही किल्ली खालच्या कपाटाची, ब्रायडी.
आत कुलुपात ठेवण्याजोगं काही नाही,
खिडकीवाली पाकिटं, दोन खोकी,
आणि कुलगुरूंच्या सहीचा रबरी शिक्का,
ज्यातलं शेवटचं अक्षर पंचाण्णव सालीच झिजलंय.
अजून कुणी विचारलेलं नाही.

नवी प्रणाली शिकवायला हॅलिफॅक्सहून माणसं येतील.
चांगली आहेत, भराभर बोलतात.
ती प्रणाली सगळ्यांना शंभरपैकी गुण देते:
घर केवढं, बोट आहे का,
आपलं पत्र किती वेळा उघडलं.
हेक्टर मॅकिसॅकला तिने दिले तीन.

बरोबरच असतील.
तो आपला विद्यार्थी नव्हताच कधी.
अठ्ठ्याऐंशीचा सप्टेंबर, तळघरातली खोली,
अकरा जण, अकरा फोन, एक गार पिझ्झा,
भिंतीवर चिकटवलेलं बोलायचं कसं ते:
आधी पाचशे मागा. नाही म्हणाले तर अडीचशे, मग शंभर,
मग फूल ना फुलाची पाकळी.
मला हवा होता त्याच नावाचा एक डॉक्टर,
लागला खाणीतला माणूस,
रात्रपाळीचा डबा भरून बसलेला.
म्हणाला, थांब, कबुतरं उतरतायत, मोजू दे.

मी थांबले.
सतरा, म्हणाला. अठरावं कुठंय?
मी एकोणीस वर्षांची, तासाला चार डॉलर.
काचेपलीकडून पर्यवेक्षक गळ्यावरून बोट फिरवत होता,
आणि मी विचारलं, अठरावं म्हणजे कुठलं?

चाळीस मिनिटं.
न्यू ब्रन्सविकात पहाटे टोपल्या उघडतात,
सामुद्रधुनीवर वारा आडवा येतो,
तिथे जी बिचकतात ती कायमची बिचकतात.
शब्द टाकायचा राहूनच गेला.
फॉर्मवर खुणा होत्या: हो, नाही, नंतर, मृत.
कबुतरांसाठी खूण नव्हती.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं,
अठरावं आलं नाही.

ऑक्टोबरात पाकीट आलं. बारा डॉलरची मनिऑर्डर,
आत चिठ्ठी: आलं. पाय दुखावलाय.

मग दरवर्षी बारा.
पावती, टपाल, माझा वेळ धरला
तर त्यातले आपल्याला उरायचे दोन,
हे लेखापालाने मला दोनदा दाखवलं.
मी दरवर्षी चिठ्ठी शेऱ्यात उतरवत गेले.
मग प्रणाली बदलली, रकाना आखूड झाला,
आणि वीस वर्षांची पाखरं
‘निळ्या कडीची मादी यंदा पुन्हा’
इथे कापली गेली.
म्हणून हा बिस्किटांचा डबा. आत कार्डं आहेत,
हाताने लिहिलेली, सालवार लावलेली नाहीत.

तुला शिकवतील की मागून झालं की गप्प बसायचं,
आधी बोलेल तो हरला.
खरं आहे. मीही शिकवलंय कितीजणांना,
मोठमोठे आकडे त्या गप्प बसण्यातून
पदरात पडलेले पाहिलेत.
पण मार्चमध्ये त्याच्या मुलीचा फोन आला, यूनाचा,
बाबा गेले, पत्रं पाठवू नका,
तेव्हा मी काहीच मागितलं नव्हतं
आणि तरी मला बोलता येईना.
तीच बोलली मग.
खुराडं विकलं, सिडनी माइन्सच्या एका माणसाला.
तो पाखरं घेऊन जातो
आणि ती परत आमच्याच छपरावर येतात.
काय करायचं त्यांचं?

मला माहीत नाही, म्हटलं.
किती आहेत?
थांबा, म्हणाली,
आणि दार उघडल्याचा आवाज आला, मग वारा.

नोंद केली मी: मृत. पत्रव्यवहार बंद.
प्रणालीने विचारलं, खात्री आहे?
तिला दर वेळी विचारायची सवय आहे,
मनावर घेऊ नकोस.

सोमवारपासून ही खुर्ची तुझी. डावं चाक अडतं.
डबा घरी न्यायचा होता, पण राहू दे,
नियमात बसत नाही, तेव्हा बोलू नकोस कुठे.
यूना फोन करेल, न करेल.
केलाच तर तिचा नऊचा आकडा कार्डावर आहे,
पुढे जागा सोडली आहे.
आणि शिक्का वापरून झाला की झाकण लाव,
शाई वाळते.