पाव फेरा

मालकाच्या पोरानं पुण्याला जाताना टाकून दिलेला कॉम्प्युटर
अप्पा सायकलच्या कॅरिअरवरून घेऊन आले,
टॉवेलच्या रिजेक्ट पीसमध्ये गुंडाळून.
रबरी बटणं, बोटाला खोडरबरासारखी.
सोबत एक कॅसेट, तिच्यावर बॉलपेननं: टेनिस.

सोलापुरात तेव्हा टेनिस कुणी बघितलं होतं?
दत्तनगरात तर नाहीच.
टेनिस म्हणजे आम्हाला चेंडूची जात,
अन् तो दुसऱ्याच्या पत्र्यावरून काढायला लागणारा पाऊण तास.

टेपला वायर जोडायची, प्ले दाबायचं,
मग किंचाळी.
आई विड्यांचं सूप मांडीवर घेऊन म्हणायची,
त्या मशीनचा गळा कुणी धरलाय रे.
टीव्हीच्या कडेनं पट्टे धावायचे, चादरीच्या काठासारखे,
काळ्यापांढऱ्यातच.
पाचव्या मिनिटाला सगळं गप्प.
इंग्रजीत एक ओळ यायची.
तिचा अर्थ कळायला डिक्शनरी लागत नव्हती.

अठरा दिवस हेच.
एकोणिसाव्या दिवशी अप्पा पाळी संपवून आले,
कानात कापूस तसाच.
तीन हाका मारल्याशिवाय वळून न बघणारा माणूस,
त्यांनी कापूस काढला
आणि शहाबादी फरशीवर डोळे मिटून बसले.
'हितं,' म्हणाले.
'हितं तार तुटतीय.'

टेपच्या तोंडाशी एक बारका स्क्रू होता,
आम्हाला कधीच न दिसलेला.
खिशातल्या मागाच्या स्क्रू-ड्रायव्हरनं
पाव फेरा.
किंचाळी तीच, पण आता एकसारखी ताणलेली,
बीमवरच्या सुतासारखी.
पाचवं मिनिट गेलं.
सहावं.
आणि हिरवं असावं असं एक राखाडी मैदान,
मधे जाळी,
दोन्हीकडे एकेक माणूस, मोजून अकरा ठिपक्यांचा.

एकाच कीबोर्डवर दोघं.
क्यू आणि ए माझे, पी आणि एल नागमणी अक्काचे,
कोपराला कोपर.
दिवसाला हजार विड्या वळणारी तिची बोटं,
त्यांच्यापुढं मी कोण.
ती चेंडूकडं बघायचीच नाही, नुसती टकटक ऐकायची.
पंधरा, तीस, चाळीस.
'तिसाच्या पुढं पंचेचाळीस ना रे?'
मला काय माहीत.
'मग पाच छाटात गेल्या,' अक्का म्हणाली,
'कारखान्यात असंच मोजतात.'
आई इतकी हसली की सुपातला जर्दा सांडला.

अप्पा नुसते बघत होते.
चेंडू इकडून तिकडं, तिकडून इकडं.
'धोटाच की हा.'
बऱ्याच वेळानं,
'कापड कुठंय?'

कुणी काही बोललं नाही.
मग लाईट गेली.
आली तेव्हा मशीनला काहीच आठवत नव्हतं,
अक्का पाच-शून्यनं पुढं होती हेही नाही,
टेनिस म्हणजे काय हेही नाही.
पुन्हा सहा मिनिटं.

ते माग भंगारात किलोवर गेले.
अप्पा त्याआधीच, एवढं बरं झालं.
अक्का भिवंडीला.
माझ्या लेकीनं फोनमध्ये तसलाच खेळ घालून दिलाय,
बोट लावलं की उघडतो,
गवत हिरवं, घामसुद्धा दिसतो.
पलीकडून फोनच खेळतो.
पाच कुठं गेल्या, विचारत नाही.

परवा माळ्यावरून खोकं काढलं.
कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी, ती कापसानं पुसली.
किंचाळी आली. पाचव्या मिनिटाला गप्प.
स्क्रू-ड्रायव्हर आहे माझ्याकडं, तोच.
पाव फेरा पुढं.
पाव फेरा मागं.
मला सगळीकडंच तुटल्यासारखं ऐकू येतं.

मग अक्काला फोन लावला
आणि तो टेपच्या स्पीकरला लावून धरला.
तिच्या मागं भिवंडीचे माग चालू होते,
खटाखट, खटाखट.
'काय लावलंयस रे? काय ऐकू येईना,' ती ओरडली,
'मोठ्यानं कर की!'