जुनी पुस्तकं पुरताना

दर तीन-चार वर्षांनी
आमच्या रविवारच्या शाळेत कपाटं उपसतात.
फाटकी प्रार्थना-पुस्तकं जाळायची नाहीत,
रद्दीत तर नाहीच नाही.
ज्या कागदावर त्याचं नाव आहे
त्याला माणसासारखी माती द्यायची.

प्रेस्टविचमधली फेब्रुवारीची सकाळ.
हीटर नुसताच खोकतोय,
आणि माझ्या वर्गातली बारा पोरं
संत्र्यांच्या रिकाम्या खोक्यांत प्रार्थना भरतायत.

उलटू नका म्हटलं की पानं उलटतातच.
समासात कुणीतरी सिटीचे गोल मोजलेत,
'मिसेस फ्रुख्टर झोपल्या', तारीख-वेळेसह.
एका स्तोत्राखाली च्युइंगगम, दगड झालेला.
तिर्झाला सापडलं तिच्या बाबांचं नाव, हिब्रूत,
एक अक्षर चुकलेलं.
(घरी सांगतात म्हणे, मी कधी चुकलो नाही.)
ते पुस्तक काही ती खोक्यात टाकेना.

मग मी पिशवीतून माझं काढलं.
आईची वल्हांडणाची पोथी, रेवदंड्याहून आलेली,
शिवण सुटलेली, मराठी,
पानोपानी खजुराच्या पाकाचे डाग.

रब्बी ग्लिक्सननी चष्मा कपाळावर चढवला.
(रब्बी म्हटलं की माझ्या कानाला अजूनही
आधी हंगाम ऐकू येतो, मग माणूस.)
"यात नाव आहे?"
"आहे. परमेश्वर."
"पण या लिपीत..." त्यांची बोटं दाढीत गुंतली.
"मिस चिंचोळकर, यावर दोन मतं आहेत."
दोनच? आमच्यात?

तेवढ्यात योना बोलला.
जूनमध्ये त्याची बार मित्झ्वा,
आणि गेले नऊ रविवार तो एकाच ओळीत रुतलेला.
"मला तर हेही वाचता येत नाही," तो म्हणाला,
हातातलं हिब्रू पुस्तक हलवत,
"तरी पुरतोच की."

कुणी हसलं नाही.
मग रब्बीच हसले, आणि खोक्यात जागा केली.

स्मशानात कडेला खड्डा तयार होता.
पहिली माती फावडं उलटं धरून लोटायची:
घाई नाही, हे सांगायला.
पोरांना ते जमेना, बुटांवरच जास्त सांडली.
योना प्रार्थनेत एकदाही अडखळला नाही,
सगळ्यांबरोबर होता म्हणून असेल,
किंवा पुस्तक हातात नव्हतं म्हणून.

माझी पोथी मात्र
मी आधीच, बसमध्येच,
खोक्यातून काढून कोटात सरकवली होती.
तिर्झानं पाहिलं.
तिच्याही जाकिटाच्या डाव्या बाजूला
काहीतरी चौकोनी फुगलेलं होतं.

परतताना आम्ही शेजारी बसलो,
दोघी ताठ,
श्वास जपून घेत.