बूट सोलताना

तू त्याला बूट म्हणतेस.
ऑक्टोबरपासून. डोक्यात ती गुठळी फिरून गेली
आणि जाताना शब्दांच्या जागा बदलून गेली:
सुरीला चमचा, चमच्याला मंगळवार,
मला कधी डाविट, कधी नुसतंच "स्टेशन".
चालेल, ड्रीका. एकतीस वर्षं ब्यूफर्ट वेस्टच्या यार्डात
डबे जोडले, सोडले. पाट्या उलटसुलट लागल्या
तरी गाडी कुठली ते कळतं मला.

जाळीच्या पिशवीत दहा बटरनट.
फ्रान्सीने पिकअपमधून उतरवून दारात ठेवले,
म्हणाला, हिवाळाभर टिकतील.
टिकतील रे. पण कापणार कोण?
मी ते आजवर ताटातच पाहिलेले,
दालचिनीच्या वासाचे, मऊ, शहाण्या मुलांसारखे.
मुळात ते असे दगडाचे असतात
हे चाळीस वर्षांत बोलली नाहीस कधी.

तुझी बहीण हेस्टर म्हणते, तयार फोडी मिळतात डब्यात,
कशाला हा उद्योग या वयात?
तिचं नि माझं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य.
आज तर भोपळाही माझ्याच हातात.

सहाला वीज जाणार आहे.
पावणेपाच झालेत. खिडकीत अजून ऊन,
आणि उन्हात तू, उजवा हात मांडीवर
दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा.
"बूट. टोप्या. टोप्या!"
टोप्या म्हणजे शेंडा आणि बूड,
हे कळेपर्यंत मी आपली स्वतःचीच टोपी काढून ठेवली होती.

सुरी मानेत शिरते. आणि रुतते.
ना पुढे, ना मागे.
वर ओढतो तर अख्खा बटरनट सुरीसकट हवेत,
आणि तू हसतेस, डाव्या अर्ध्या तोंडाने,
पण हसू पूर्ण.

मग तुझा डावा हात उठतो.
वर-खाली, संथ.
थांबतो. पुन्हा वर-खाली.
अगं, ही तर माझी भाषा!
सावकाश. सावकाश पुढे. थांब.
रात्रपाळीला डबा घेऊन यायचीस तेव्हा
कुंपणापाशी उभी राहून हेच बघत होतीस का
माझ्या कंदिलाकडे?

तुझ्या हातावर नजर ठेवून मी सुरी डोलवतो.
मान सुटते धडापासून, खट्,
कपलिंग सुटावं तशी.

आता सोलणं. "बूट सोल," म्हणतेस,
आणि मी सोलतो. वरची पिवळट साल,
तिच्याखाली हिरव्या रेषा.
मला वाटतं झालं. तुझं बोट म्हणतं, नाही.
अजून एक थर. रेषा जाईपर्यंत,
आत तो रंग लागेपर्यंत
जो संध्याकाळी रुळांच्या कडेला असतो, मिनिटभर.

गोल अर्धा तुझ्या पुढ्यात, रुमालावर टेकवून.
डाव्या हातात मंगळवार देतो.
तू बिया खरवडतेस, धाग्यांसकट,
काही जमिनीवर, एक माझ्या बुटात.
खऱ्या बुटात.

माझ्या बोटांवर काहीतरी वाळलंय.
पातळ पापुद्रा, कातडी आवळणारा.
साबणाने जात नाही, चोळून जात नाही.
असे हात घेऊन तू जेवायला बसायचीस
आणि मूठ उघडमीट करायचीस.
मला वाटायचं, रागावली आहेस.
कितीतरी संध्याकाळी मी त्या मुठीकडे बघून गप्प जेवलो.

गॅसवर पातेलं. फोडी लहानमोठ्या,
एकही दुसरीसारखी नाही.
दालचिनीची काडी, साखर, लोणी.
झाकण टाकतो तोच पाठीमागून:
"मीठ."

मी वळतो.
आसपासचा कुठला शब्द नव्हे. मीठ.
तुझं तुलाही नवल वाटलेलं दिसतं.
आणि खरंच, ड्रीका, विसरलोच होतो मी.

वीज जाते. पातेल्याखाली निळी ज्योत तेवढी.
पिशवीत नऊ उरलेत.