दोनांपैकी एक

नैरोबीत रात्रपाळीला
केरुबो दोन उत्तरं वाचते, एक निवडते.
दर निवडीमागे दीड शिलिंग.

प्रश्न होता: आई गेली. काय करू?
पहिल्या उत्तरात दुःखाचे पाच टप्पे,
आकडे घालून.
दुसऱ्यात एवढंच: पोले. जेवलास का?

तिने दुसरं निवडलं.
कारणाच्या चौकटीत लिहिलं, ‘नेमकं’.
खरं कारण चौकटीत मावलं नसतं:
किसीच्या घरी, आईला पुरून आल्यावर,
शेजारच्या क्वांबोकाने हेच विचारलं होतं
आणि उत्तराची वाट न बघता
उगालीची थाळी पुढे सरकवली होती.

काल क्वांबोकाही गेली.
तिचा न्याकुंडी केरुबोच्या स्वयंपाकघरात बसून
फोन पुढे करतो:
बघ ताई, विचारतंय, जेवलास का.
याला कळतं गं.

कळतं म्हणावं, तर त्याला कधी भूक लागली?
नाही म्हणावं,
तर हे वाक्य याच्या आईचं आहे,
आणि ते दीड शिलिंगाला विकून बसले मी,
हे सांगायला हवं.

केरुबो थाळी पुढे सरकवते.
न्याकुंडी मान खाली घालून
अंगठ्याने टाइप करतोय: नाही, अजून नाही.

उगाली निवते आहे.