हाफ

शालिमारच्या फुटपाथवर, जुन्या गाईडांच्या ढिगाखाली
ती सापडली, मुखपृष्ठाशिवाय.
"तीस द्या," मुनीरभाई म्हणाले,
"कादंबरी आहे. खेड्यातल्या मुलीची. कोण घेतं?"
मी घेतली. डब्यातलं तेल लागू नये म्हणून
पिशवीच्या वेगळ्या कप्प्यात ठेवली.
अंबडच्या कंपनीत दिवसभर रिले तपासते मी,
चांगला, चांगला, बाद, चांगला.
वाचायची सवय दहावीतच सुटली होती.

पहिल्या पानावर गोल शिक्का, जांभळा, अर्धवट उठलेला:
…यत वाचनालय, करंजाळी.
मागे डकवलेल्या कागदावर तारखा
आणि एकच नाव चार वेळा:
कु. हिरा लहानू भोये.

कादंबरीतली मुलगी दुसरीच. वत्सी तिचं नाव.
ती ओढ्यात पाय सोडून बसते, गुरं वळते,
लेखकाला तिच्या वेण्यांचं फार कौतुक.
पान एकोणीस. वत्सीची आई नागली पेरते
मुठीमुठीनं, "जणू चांदणंच शिंपते आहे."
तिथे समासात पेन्सिल, खोल रुतलेली:
नागली अशी नाय पेरत. आधी राब भाजावा लागतो.
मग रोप. मग आवणी. कंबर मोडते.

पान चव्वेचाळीस, पंगत उठते.
आई जेवली का?
पान सत्तर, दिवाळी.
आई जेवली का?
पान एकशे तीन, वत्सीला पहिल्यांदा
कोपऱ्यात बसवतात, तिथे तीन ओळी
खोडरबरानं पुसलेल्या.
मी पान ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं.
"मला पण" एवढं लागलं.
बाकी कागदच खरवडलेला.

शेवटी वत्सी शिकायला नाशिकला येते.
पत्र्याची पेटी, आईचे डोळे, गोदाकाठचे दिवे.
लेखकानं एकही दिवा लावायचा ठेवला नाही.
हिरा विचारते:
पेटी उचलली कोणी?

दोन दिवस रिले तपासताना
माझ्या खांद्याला ती पेटी लागत होती.

शेवटचं पान कोरं. तिथे वत्सी नाही, हिशोब आहे.
करंजाळी ते नाशिक, हाफ साडेचार.
मग "हाफ"वर काट.
शेजारी: फुल. नऊ.
त्याखाली: जवळ सहा.
त्याखाली काही नाही.

रविवारी मी पेठची गाडी धरली.
घरी सांगितलं, मैत्रिणीकडे वास्तुशांत आहे.
घाटात गाडी पहिल्या गिअरवर कण्हत होती,
उतारावर जागोजागी काळे चौकोन,
राब भाजून झालेले.
चैत्रातल्या उन्हात त्यांचा वास खिडकीतून येत होता,
तो पुस्तकात कुठेच नव्हता,
समासात होता.

"करंजाळी, एक," मी म्हटलं.
मला सत्तेचाळिसावं चालू आहे.
कंडक्टरनं मान वर न करता मशीन दाबलं:
"लेडीज हाफ."

तिकीट त्या कोऱ्या पानात ठेवलं,
नऊच्या आणि सहाच्या मध्ये.

शेजारी कोंबडीची पाटी मांडीवर घेतलेली बाई
केव्हाची पुस्तकाकडे बघत होती.
"कुणाकडं जायचं?"
"भोयेंकडं."
ती हसली. "निम्मं गाव भोये आहे, बाई.
कोणते भोये?"