चारी चाकं वेगळी

धरणगाव फाट्यावर सुपडू मिस्तरी
गाडीखालून बोलतो, पाय तेवढे बाहेर:
"हिची चारी चाकं वेगळी, भाऊ.
याचा खड्डा त्याला कळत नाही."

खरंय. पारोळ्यापासून आई
मागच्या सीटवर झोपलीय,
मांडीवरचा कळण्याच्या पिठाचा डबा
कलंडलासुद्धा नाही.

जुन्या जीपला पाटे होते.
एक चाक आदळलं
की आम्हा सातांची डोकी छताला,
धाकटा मोजायचा, कोणाला किती टेंगळं.

"बुश गेलेत. टायर आतून खाल्लंय.
दादरची तीन पोती डिकीत?
तुनी गाडीनी कंबर बठी गई."

पोती धाकट्याच्या शेतातली.
त्याला फोन लावला,
पोचलो एवढंच सांगितलं.

आई जागी होते:
"एरंडोल गयं का?
माले तर काहीच लागनं नही."